टमाट्याचं बी खाऱ्या पाण्यात उगवलं, म्हणजे वाण खाराला चालतं असं नाही

मे महिन्यात पावसाळी टमाट्यासाठी नर्सरीचे ट्रे भरले की आठ-दहा दिवसांनी खान्देशात एक वाक्य हमखास ऐकू येतं, "बी बोगस निघालं भो." कधीकधी बी खरंच खराब असतं, पण बऱ्याच वेळा त्याच लॉटचं बी शेजारच्या वावरात दुसऱ्या बोअरच्या पाण्यावर मस्त वर आलेलं असतं. मग दोष फक्त बियाण्याचा कसा? म्हणून कंपनीला शिव्या घालायच्या आधी पाण्याकडे बघा असं मी सगळ्यांना सांगतो, आणि पाण्याकडे बघायचं म्हणजे नेमकं काय, खार कोवळ्या रोपाला करतो काय, एक वाण तगतं आणि दुसरं बसतं ते कशामुळे, हे सगळं आज जरा सविस्तर लिहितोय कारण व्हॉट्सॲपवर यावर जे फिरतं ते बहुतेक अर्धवट असतं.

आधी ईसी समजून घ्या. पाण्यात विरघळलेले क्षार जेवढे जास्त तेवढी वीज त्यातून सोपी जाते, ते मोजायचं माप म्हणजे ईसी. एकक डेसिसीमेन्स प्रति मीटर असं लांबलचक आहे पण बोलताना सगळे "ईसी दीड आली, दोन आली" एवढंच म्हणतात. ईसी १ म्हणजे लिटरमागे साधारण ६४० मिलिग्रॅम क्षार. दुकानात स्वस्तात मिळणारा मोजायचा पेन बहुतेक वेळा टीडीएस, म्हणजे ईसीला गुणकाने गुणून काढलेलं क्षारांचं प्रमाण, दाखवतो आणि प्रत्येक पेनचा आतला गुणक वेगळा असतो, त्यामुळे १००० टीडीएस म्हणजे एका पेनवर ईसी दीड तर दुसऱ्यावर दोन, म्हणून घ्यायचाच असेल तर थेट ईसी दाखवणारा घ्या. अंदाज यावा म्हणून सांगतो, चहाचा सपाट चमचाभर मीठ म्हणजे सहाएक ग्रॅम, ते लिटरभर पाण्यात टाकलं की ईसी दहाच्या आसपास जाते, आणि समुद्राच्या पाण्याची असते पन्नासच्या आसपास.

आता बी. टमाट्याचं बी कोरडं असतं आणि उगवायला त्याला सगळ्यात आधी पाणी ओढून फुगावं लागतं. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलं की तासाभरात भांड्यात पाणी सुटतं ना, मीठ पाण्याला आपल्याकडे खेचतं म्हणून, तेच ट्रेच्या कपात चालू असतं, बी आत ओढतंय आणि बाहेरचे क्षार पाणी सोडत नाहीयेत. पाणी डोळ्याला दिसतं, हाताला ओलं लागतं, पण बियाला ते मिळत नाही. त्यामुळे पहिला परिणाम दिसतो तो उशीर. गोड पाण्यात पाच ते आठ दिवसांत उगवणारं बी, लिटरला साडेचार-पाच ग्रॅम मीठ असलेल्या पाण्यात साधारण दीडपट दिवस घेतं आणि अकरा ग्रॅमच्या आसपास गेलात तर जवळपास दुप्पट. टक्केवारी पडते ती त्याच्यानंतर, खार अजून वाढल्यावर. गंमत म्हणजे न उगवलेल्या बिया धुऊन गोड पाण्यात टाकल्या तर त्यातल्या बऱ्याच नंतर उगवतात, म्हणजे त्या मेलेल्या नव्हत्या, तहानलेल्या होत्या.

उशीर झाला तर काय बिघडलं, दोन-चार दिवसांनी उगवेल, असं वाटतं. पण नर्सरीत उशीर म्हणजे एकसारखेपणा गेला. काही कपात रोप दोन पानावर, काही कपात आत्ता मान वर काढतंय, आणि पाणी आणि खत मात्र सगळ्यांना सारखंच, मग लहान रोप मोठ्याच्या सावलीत लांबट होतं, उशिरा आलेलं बी जास्त दिवस ओलीत राहतं म्हणून मर रोग लागायची भीती वाढते, आणि लागवडीला निम्मा ट्रे तयार आणि निम्मा कच्चा.

उगवून वर आल्यावर दुसरा खेळ सुरू होतो. यात दोन टप्पे आहेत आणि ते वेगळे ओळखता आले पाहिजेत. पहिल्या टप्प्यात अजून पानात मीठ साठलेलं नसतं, मुळाला पाणी ओढणं जड जातंय एवढंच, रोप ते लगेच ओळखतं आणि पानांची वाढ कमी करतं. मुळापेक्षा शेंड्याकडचा भाग जास्त खुंटतो. अशा रोपाकडे जवळून बघा, खुरटं असतं पण पिवळं नसतं, उलट पानं लहान, जरा जाडसर आणि गडद, निळसर झाक असलेली हिरवी. नत्र कमी पडलेलं रोप खुरटं आणि फिकट पिवळट असतं. हा फरक मी मुद्दाम सांगतोय, कारण रोप बसलं की लोक सरळ १९:१९:१९ हे पाण्यात विरघळणारं खत सोडतात, आणि विद्राव्य खत म्हणजे पण क्षारच, पाण्याची ईसी आधीच दोन असेल तर त्यात खताची भर पडून कपातली अजून चढते आणि रोप अजून बसतं, मग अजून एक डोस. हे चक्र थांबवायचं असेल तर खत देण्याआधी पानाचा रंग बघायची सवय लावा.

दुसरा टप्पा सोडियमचा. पाण्याबरोबर सोडियम आणि क्लोराईड वर चढतात, पानातून पाणी उडून जातं आणि मीठ तिथेच राहतं, म्हणून जे पान जास्त जुनं त्यात साठा जास्त. खालच्या पानांची टोकं आणि कडा आधी करपतात, मग पूर्ण पान वाळतं. सोडियम आणि पोटॅश मुळाच्या दारात एकमेकांशी भांडतात, दोघांची ठेवण बरीच सारखी म्हणून सोडियम पोटॅशच्या वाटेने आत घुसतो, आणि आत गेल्यावर पोटॅशची कामं त्याला जमत नाहीत. नवीन पानं येण्याचा वेग जुनी पानं मरण्यापेक्षा जास्त असला तर रोप तगतं, नाहीतर हळूहळू संपतं.

इथून पुढे वाणांचा मुद्दा येतो, आणि गैरसमज सगळ्यात जास्त इथेच आहेत.

वाणावाणात फरक असतो हे शंभर टक्के खरं. एखादं वाण सोडियमला मुळातच अडवतं, एखादं आत घेतं पण पेशीतल्या पाण्याच्या पिशवीत कोंडून ठेवतं म्हणजे बाकीच्या कामाला त्रास नको, एखादं प्रोलीनसारखे पदार्थ तयार करून आतून पाणी ओढायची ताकद वाढवतं. प्रयोगशाळेत हे तपासताना बशीत फिल्टर पेपर ठेवून त्यावर साधं पाणी, मग थोडं मीठ, मग जास्त, असे चार-पाच प्रकार करतात, उगवलेल्या बिया रोज मोजतात, मुळाची लांबी, कोंबाची लांबी, ओलं वजन, वाळलेलं वजन घेतात. निकाल मांडताना बहुतेक वेळा प्रत्येक वाणाची तुलना त्याच्या स्वतःच्याच साध्या पाण्यातल्या वाढीशी करतात, म्हणजे साध्या पाण्यात १०० होती ती खाऱ्यात ७० राहिली की ४०. आता इथे शेतकऱ्याने सावध राहायला हवं. मुळातच मंद वाढणारं वाण १०० वरून ८० वर आलं तर कागदावर ते "सहनशील" आणि जोमदार हायब्रीड १०० वरून ६० वर आलं तर ते "नाजूक", पण वावरात त्या हायब्रीडचं साठ टक्के रोपसुद्धा पहिल्याच्या ऐंशी टक्क्यांपेक्षा दांडगं असू शकतं. माझं मत विचाराल तर आपल्याला टक्केवारी आणि खाऱ्यातली प्रत्यक्ष वाढ असे दोन्ही आकडे हवेत, नुसत्या टक्केवारीवर वाण निवडू नका.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची, आणि खरं म्हणजे हा लेख मी हिच्यासाठीच लिहायला घेतला. खाऱ्या पाण्यात लवकर उगवणं, रोप म्हणून तगणं, आणि पुढे फळ धरणं, या तीन वेगवेगळ्या परीक्षा आहेत. टमाट्याच्या जनुकांवर जो अभ्यास झालाय त्यात दिसलंय की उगवणीच्या वेळची सहनशक्ती आणि नंतरच्या वाढीतली सहनशक्ती यांच्यामागे बहुतेक वेगवेगळी जनुकं आहेत. एका परीक्षेत पहिलं आलेलं वाण दुसरीत नापास होऊ शकतं, आणि उलटंही होतं, उगवायला रडणारं वाण एकदा चार पानावर आलं की खाऱ्यात ठामपणे उभं राहतं. म्हणून कुणी सांगितलं की अमुक वाण खारात चालतं तर लगेच विचारा, कोणत्या टप्प्याला? बशीत आठ दिवस बघितलंय की वावरात फळापर्यंत?

आणि बियाण्याच्या पुडीवर याचं उत्तर शोधायला जाऊ नका. पुडीवर रोगांची नावं असतात, बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचं अर्का रक्षक घ्या, ते पर्णगुच्छ, जिवाणू मर आणि लवकर येणारा करपा अशा तीन रोगांना प्रतिकारक म्हणून प्रसिद्ध आहे. पण रोगाला टिकणं आणि खाराला टिकणं यांचा आपसात संबंध नाही. राहुरी विद्यापीठाचं धनश्री, भाग्यश्री असो, जुनं पुसा रुबी असो की एखादं खाजगी हायब्रीड, तुमच्या बोअरच्या पाण्यात ते कसं वागतं हे तुमच्याच पाण्यात बघावं लागेल.

जंगली टमाट्यांचं एक उदाहरण मला फार आवडतं. दक्षिण अमेरिकेच्या पश्चिमेला गॅलापागोस बेटं आहेत, तिथे समुद्राच्या अगदी काठावर एक रानटी टमाटा वाढतो, लहान-लहान नारिंगी-पिवळी फळं. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी दाखवलं की खताचं द्रावण पूर्ण समुद्राच्या पाण्याइतकं खारं केलं तरी तो जगतो, वाढ मंदावते पण जगतो, आणि सोबत लावलेलं बाजारी वाण अर्ध्या समुद्रापुढे टिकलं नाही. त्याहून विशेष म्हणजे तो रानटी टमाटा सोडियम पानात भरपूर घेत होता आणि बाजारी वाण सोडियम बाहेर ठेवायच्या धडपडीत होतं, म्हणजे सोडियम अडवणं हा एकच रस्ता नाही, घेऊन सांभाळणं हाही आहे. मोठं फळ, टणक फळ, जास्त फळ निवडता निवडता अशी काही ताकद आपल्या लागवडीच्या टमाट्यातून मागे राहून गेली. ती परत आणायला संकर चालू आहेत, पण एकाच जनुकाचा मामला नसल्यामुळे बाजारात त्या ताकदीचं मोठ्या फळाचं वाण सहज मिळत नाही.

आता आपल्याकडचं बघू. खारपाणपट्टा म्हटलं की लोकांना अकोला, अमरावती, बुलढाणा आठवतं, ते बरोबरच आहे, तो पूर्णेच्या खोऱ्यातला. पण ती पूर्णा मुक्ताईनगर तालुक्यात चांगदेवला तापीला मिळते, आणि आपल्याकडे खार सगळीकडे सारखा पसरलेला नसला तरी बोअरप्रमाणे बदलतो. विहिरीचं पाणी गोड आणि शंभर पावलांवरच्या खोल बोअरचं मचूळ, हे जळगाव-धुळ्यात कुणाला नवीन नाही. पाणी जसं खोल जातं तसं जुनं, दगडाच्या सहवासात जास्त राहिलेलं पाणी वर येतं, त्यात क्षार जास्त असू शकतात. त्यात आपली काळी जमीन, चिकण जास्त, निचरा कमी, खाली ढकललेले क्षार उन्हाळ्यात परत वर येतात. आणि भुसावळ-जळगावचं ४५ अंशाचं ऊन, कोरडी हवा. तेच खारं पाणी थंडीत रोप सहन करतं आणि मे मध्ये नाही, कारण ऊन जास्त तेवढं पान जास्त पाणी उडवणार, मुळावर ताण जास्त.

आकड्यांत सांगायचं तर टमाट्याला मध्यम नाजूक धरतात. जमिनीची ईसी २.५ पर्यंत उत्पादनाला धक्का लागत नाही, त्यापुढे प्रत्येक एक अंकाला साधारण १० टक्के घट, म्हणजे ५ ईसीला पाव पीक गेलं. पाण्याच्या हिशोबात हीच पहिली मर्यादा १.७ च्या आसपास येते. पण हे आकडे मोठ्या झाडाचे आहेत, उगवणीला आणि कोवळ्या रोपाला मी याच्या आतच राहा म्हणेन. अजून एक, हा २.५ चा आकडा माती पाण्याने पूर्ण भिजवून त्यातून काढलेल्या अर्काचा आहे, आणि आपल्याकडे माती परीक्षणाच्या कागदावर जी ईसी येते ती बहुतेक वेळा एक भाग माती आणि अडीच भाग पाणी घेऊन काढतात, त्यात पाणी जास्त म्हणून आकडा लहान दिसतो. त्या कागदावर १ च्या आत असेल तर ठीक समजतात. "माझी तर दीडच आली, अडीचला अजून लांब आहे" असं कुणी म्हणालं तर त्याला हे नक्की सांगा, नाहीतर तो निवांत बसेल आणि जमीन खारवट झालेली असेल.

खारवट आणि चोपण यातही गल्लत होते. खारवट जमिनीत विरघळणारे क्षार जास्त, वर पांढरा थर येतो. चोपण जमिनीत सोडियम मातीच्या कणाला चिकटलेला, सामू (पीएच) साडेआठच्या वर, ओली असताना चिखल आणि सुकली की दगड. जिप्सम हे चोपणवरचं औषध आहे, तेही निचरा असेल तरच, खारवट जमिनीला नुसतं जिप्सम टाकून काही होत नाही. तपासणी न करता जिप्समच्या गोण्या आणू नका.

करायचं काय, तर माझ्या मते सगळ्यात स्वस्त उपाय नर्सरीतच आहे. हिशोब करून बघा. एकराला सहा हजार रोपं धरली तर ९८ कपांचे साठ-बासष्ट ट्रे, जास्तीचे धरून सत्तर. उन्हाळ्यात एका ट्रेला दिवसाला सव्वा लिटर धरलं आणि पंचवीस दिवस, तर सगळं मिळून दोन-सव्वादोन हजार लिटर. एका एकराच्या आख्ख्या नर्सरीला एवढंच पाणी लागतं! पुढे वावराला लाखो लिटर खारं पाणी द्यावं लागणारच आहे ते कुणी टाळू शकत नाही, पण सगळ्यात नाजूक पंचवीस दिवसांना एक टाकी गोड पाणी नक्कीच उभं करता येतं, कॅनॉलचं, नदीकाठच्या विहिरीचं, नाहीतर पावसाचं. हजार स्क्वेअर फुटाच्या पत्र्यावर एक इंच पाऊस पडला की २३०० लिटरच्या आसपास पाणी होतं, त्यातलं थोडं वाया गेलं तरी रब्बीच्या टमाट्याची नर्सरी यावर आरामात निघते. पूर्ण गोड पाणी नसेल तर अर्धं-अर्धं मिसळा, ईसी निम्म्यावर आली तरी उगवणीत फरक दिसतो.

ट्रेमध्ये भरतो त्या कोकोपीटकडे, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाकडे, मात्र कुणी बघत नाही. नारळाचा काथ्या किनारपट्टीचा, बऱ्याच ठिकाणी सोडणं खाऱ्या पाण्यात भिजत ठेवतात, त्यामुळे न धुतलेल्या कोकोपीटमध्ये सोडियम, पोटॅशियम, क्लोराईड भरपूर येऊ शकतं. वीट भिजवल्यावर मूठभर पिळा आणि निघालेल्या पाण्यात पेन बुडवा. आकडा जास्त आला तर गोड पाण्याने दोन-तीनदा धुवा. नर्सरीवाल्याकडून तयार रोपं घेत असाल तरी ट्रे उचलून बघा, कपाच्या कडेला पांढरी रेघ आहे का, आणि ट्रेच्या बाहेरच्या ओळीतली रोपं आतल्यापेक्षा बसलेली आहेत का. कडेचे कप लवकर सुकतात, तिथे खार आधी चढतो, म्हणून खारा ट्रे कडेकडून बोलतो. आणि पाणी देताना नुसतं वरवर शिंपडू नका, त्याने मीठ वरच्या थरात साठत जातं, खालच्या भोकातून थोडं गळेल इतकं द्या म्हणजे क्षार धुऊन जातील.

गोड पाण्यावर वाढवलेलं रोप एकदम खाऱ्या वावरात टाकलं तर मात्र त्याला झटका बसतो. शेवटच्या आठवड्यात, रोप चार-पाच पानावर असताना, वावराचंच पाणी थोडं-थोडं मिसळत न्या, अशी सवय लावलेली रोपं पुढे जास्त चांगली जुळवून घेतात हे टमाट्यावरच्या प्रयोगांत दिसलंय. लागवड करताना रोप ड्रीपरच्या जवळ ठेवा, कारण ओलीच्या गोळ्याच्या कडेला क्षार जमतात आणि मध्यभाग धुतलेला असतो. सरीने पाणी देत असाल तर दोन्हीकडून आलेलं मीठ वरंब्याच्या माथ्यावर येऊन बसतं, तिथे रोप नको, उतारावर लावा. आणि लागवडीनंतर पावसाचा हलका शिरवा आला तर ड्रीप बंद करू नका, चालू ठेवा. हलका पाऊस कडेचं मीठ ढकलून परत मुळाशी आणतो, ड्रीप चालू असलं की ते बाहेरच राहतं. मोठा पाऊस झाला की मग बंद करा.

वाण निवडायचं असेल तर घरीच बघता येतं. दोन-तीन वाणांच्या पन्नास-पन्नास बिया एकदा तुमच्या बोअरच्या पाण्यात आणि एकदा आरओच्या गोड पाण्यात, ओल्या टिश्यू पेपरवर झाकणाच्या डब्यात ठेवा, रोज त्याच वेळी मोड आलेल्या मोजा. पण तिथे थांबू नका, तेच वाण त्याच दोन पाण्यांवर ट्रेमध्ये पंचवीस दिवस वाढवा, मुळासकट उपटून धुवा आणि वजन करा. बशीत मिठाचे प्रयोग होतात ते बहुतेक शुद्ध खायच्या मिठाचे, तुमच्या बोअरमध्ये कॅल्शियम, मॅग्नेशियम, बायकार्बोनेट असं सगळं मिसळलेलं असतं आणि कॅल्शियम असलं की सोडियमचा त्रास थोडा कमी होतो, म्हणून पुस्तकातल्या निकालापेक्षा तुमचा हा निकाल तुमच्यासाठी जास्त खरा. वहीत लिहिताना वाणाच्या नावाबरोबर पाण्याची ईसी आणि महिना पण लिहा, कारण मे मध्ये अडीच ईसी देणारं तेच बोअर पावसाळ्यानंतर दीडवर आलेलं असू शकतं, आणि तेव्हा त्याच वाणाचा निकाल वेगळा येईल.